दारी हत्ती, चारा बेताचा

नव्या वॅगन-आरला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आज पंधरा वर्षं जुनी मर्सिडीज ई-क्लास मिळते. कधी कधी त्याहून कमीत. बीएमडब्ल्यूची फाइव्ह सिरीज, ऑडीची ए-सिक्स, स्कोडाची सुपर्ब यांचंही तसंच. नवी असताना जिला पन्नास-साठ लाख मोजले गेले ती गाडी पाच-सहा लाखांत जुळे सोलापुरातल्या आपल्या दारात येते. गल्लीत वळवायला जागा पुरत नाही, मग शेजारचे काका बाहेर येऊन ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या’ करत हात हलवतात. इथपर्यंतचा भाग सगळ्यांनाच जमतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स पंधरा वर्षांनंतरही साठ लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याचं बिल पाच लाखांत गाडी घेणाऱ्याच्या नावावर फाटतं. हा हिशेब ज्यांना कळला नाही त्यांच्या गाड्या अंगणात उभ्या राहतात. आधी कव्हर चढतं, मग कव्हरावर कडुनिंबाचा पाला साठतो आणि दोन वर्षांनी भंगारवाला आपणहून चौकशीला येतो. ज्यांना कळला ते त्याच गाडीने सकाळी निघून पुण्याची कामं उरकून रात्री जेवायला घरी असतात. या दोघांच्या मिळकतीत फार अंतर असतंच असं नाही. पैसे कुठल्या क्रमाने खर्च केले, एवढाच फरक असतो.

किंमत एवढी का पडते हेही समजून घ्यायला हवं, कारण त्यातच गाडीचा इतिहास दडलेला असतो. पहिला मालक बहुधा कंपनी किंवा बिल्डर. गाडी कंपनीच्या नावावर, घसारा दाखवलेला, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी शोरूममध्ये. दुसरा मालक हौशी. तो वॉरंटी संपेपर्यंत ठेवतो. तिसऱ्याकडे येते तेव्हा पहिली मोठी दुरुस्ती उंबरठ्यावर उभी असते आणि ती टाळण्यासाठीच गाडी विकायला निघालेली असते. सोलापूरचं गिऱ्हाईक सहसा चौथं.

त्यात गेल्या काही वर्षांत दिल्लीची भर पडली. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी घालणारे आदेश २०१५ आणि २०१८ साली आले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं तेव्हा घबराट उडाली. ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज अडीच लाखांना विकल्याची बातमी त्याच दिवसांतली. तो निर्णय काही दिवसांत थांबवला गेला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मालकांना दिलासा दिला. पण तेवढ्यात पुष्कळ गाड्या दक्षिणेच्या वाटेला लागल्या होत्या. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, मात्र तिला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो आणि एमएच १३ चा नंबर घेताना महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. हा टॅक्स आपण दिलेल्या अडीच लाखांवर बसत नाही. तो मूळ किमतीवरून, वयाची सूट देऊन काढतात. आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावावरच्या मोटारींना तर आपल्या राज्यात मुळात वीस टक्क्यांचा दर आहे. दलाल हा आकडा व्यवहार झाल्यावर सांगतो.

सोलापूरला मोठ्या गाडीचं अप्रूप आजचं नाही. देशाला हे वेड लावण्यातही एका सोलापूरकराचा हात होता. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. जहाजं, विमानं, साखर असं सगळं करून झाल्यावर (किंवा करता करताच म्हणू) त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. लांबच लांब बॉनेट, पुढे मागे सोफ्यासारख्या सीटा आणि खाली ठाण मांडून बसलेलं सहा सिलिंडरचं इंजिन. पुढे पन्नाशीच्या दशकात सरकारने धोरण बदललं. नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी इथला गाशा गुंडाळला. प्रीमियरने फियाटची छोटी गाडी धरली आणि मोठ्या गाड्यांचं पान जवळपास मिटलं. त्यानंतर परदेशी मोटार मिळायची ती वकिलातींनी वापरून झालेली, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकलेली.

म्हणजे त्या काळी मोठी गाडी सांभाळणाऱ्याला स्पेअर पार्टच मिळत नव्हता. जे मोडेल ते लेथवर करून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या गाडीचं बसवायचं. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं तेव्हा लोकांनी या अमेरिकन गाड्यांच्या पोटातलं इंजिन काढून त्या जागी पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं आणि ट्रकासारखा आवाज करत शेवर्ले टॅक्सी म्हणून चालवली. गाडीच्या शौकिनांना हे पाप वाटतं. मला वाटत नाही. ती गाडी नाहीतर दहा वर्षं आधीच वितळवली गेली असती.

याच्या दुसऱ्या टोकाला कोल्हापूरची मेबॅक आहे. राजाराम महाराजांसाठी १९३०च्या दशकात जर्मनीहून आलेली ही मोटार आजही शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याला घेऊन दसरा चौकात येते. तिच्या कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोटारी करणं थांबवलं. त्यामुळे तिच्यासाठी दुकानात माल असण्याचा प्रश्नच नाही. पण वर्षातून एकदा मिरवणारी गाडी आणि रोज आसरा चौकातून ऑफिसला जाणारी गाडी यांचं दुखणं वेगळं असतं. मेबॅकला घाई नसते. आपल्याला सोमवारी सकाळी गाडी लागते.

आपल्या काळाची गोष्ट सुरू होते ती १९९५ पासून. टेल्को आणि डेमलर यांच्या भागीदारीतून पिंपरी-चिंचवडला मर्सिडीज तयार होऊ लागली. पहिली आली ती डब्ल्यू १२४, म्हणजे काचेवर एकच वायपर फिरणारी ई २२०. जर्मनीत तिचा काळ संपत आला होता आणि आपल्याकडे तेव्हाच ती नवी म्हणून येत होती. तिला जर्मनीतल्या बांधणीचं शेवटचं घट्ट उदाहरण मानणारे लोक जगभर आहेत आणि अजून ती बेताच्या पैशांत चालते. इंजिनच्या वायरिंगचं आवरण मात्र त्या वर्षांतल्या गाड्यांत उष्णतेने भुगा होतं. ते एकदा नवं करून घेतलं की ती पुढची दहा वर्षं बघायला नको.

डिझेल मर्सिडीजची हकिकत तर आपल्या वडापशी जोडलेली आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याच्या रस्त्यावर पुढे चार, मध्ये पाच, मागे मोजू नये इतके अशी माणसं भरून ज्या टेम्पो ट्रॅक्स धावल्या, त्यांच्या बॉनेटखाली ओएम ६१६ हे इंजिन होतं. तेच इंजिन १९७०च्या दशकात जर्मनीत मर्सिडीज २४० डी मध्ये होतं. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने १९८०च्या दशकात ते परवान्याखाली इथे करायला घेतलं. म्हणून जुनी २४० डी बाळगणाऱ्याला इंजिनचा माल जर्मनीहून मागवायची गरज कधी पडली नाही. ट्रॅक्सचा माल विकणारं दुकान पुरलं. वडापवाल्यांचं इंजिन बांधणारा मेस्त्री मर्सिडीजचंही इंजिन बांधत होता. फक्त मजुरी सांगताना आवाज थोडा चढवायचा.

या शहराला दुरुस्तीचा हात गिरण्यांनी दिला. १८७७च्या जुन्या गिरणीपासून पुढे लक्ष्मी-विष्णूपर्यंत आणि त्यानंतर पूर्व भागातल्या यंत्रमागांपर्यंत, मागाचा झिजलेला भाग नवा न आणता भरून, तासून पुन्हा बसवण्यात इथल्या जॉबरच्या, टर्नरच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. बुश काढणं, शाफ्ट सरळ करणं, बेअरिंगची जागा स्लीव्ह टाकून परत मापात आणणं ही कामं गाडीत आणि मागात सारखीच. आज सोलापुरातल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅमशाफ्ट जगातल्या मोठ्या मोटार कंपन्यांकडे जातात. त्यामागे मोठी यंत्रसामग्री आहे, पण ‘शंभराव्या भागाचं’ माप डोक्यात असलेली माणसं इथे आधीपासून होती हेही आहे. शोरूममध्ये अख्खी असेंब्ली बदलतात. अक्कलकोट रोडच्या कडेच्या गल्लीत असेंब्ली खोलून त्यातली दीडशे रुपयांची रबरी रिंग बदलतात. बेताच्या पैशांत मोठी गाडी चालते ती या फरकावर.

अशा एका गॅरेजमध्ये पाहिलेलं काम सांगतो. सुताचा धंदा करणाऱ्या एकाची बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज. महिनाभर थोडं थोडं पाणी कमी होत होतं आणि मालक दर आठवड्याला घरच्या बोअरचं पाणी ओतत होता. ‘गरम होलाली का, मालक?’ एवढंच विचारून मेस्त्रीने इंजिन थंड होऊ दिलं, मग टाकीच्या तोंडाला हातपंप लावला आणि दाब भरला. काटा दोन मिनिटांत खाली सरकला. आवाज कुठेच नव्हता. त्याने टॉर्च तोंडात धरली, हात रेडिएटर आणि पंख्याच्या मधल्या फटीत घातला आणि प्लास्टिकच्या एक्स्पान्शन टाकीच्या शिवणीवरून बोट फिरवून ते दाखवलं. बोट ओलं, आणि त्यावर पांढरा खर. टाकीच्या शिवणीला केसाएवढी चीर. मग वरचा पाइप काढला. आतून तो तुरटी लावल्यासारखा पांढरा झालेला. आपल्या काळ्या कातळातून येणारं बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि एक एक नळी बंद करत नेतात. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात माणूस बोअरचं पाणी ओतणार नाही तर काय ओतेल, पण बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही दुकानात मिळतं.

मेस्त्रीने टाकी, झाकण, थर्मोस्टॅट, वरचे-खालचे पाइप आणि वॉटर पंप असं सगळं एकदम बदलायला सांगितलं. मालकाचा चेहरा पडला. फुटली होती ती फक्त टाकी. पण हे सगळे भाग एकाच वयाचे आणि एकाच उष्णतेत भाजलेले. टाकी नवी बसली की दाब पूर्ण धरला जातो आणि मग पुढचा कमकुवत पाइप फुटतो, बहुधा इंदापूरच्या अलीकडे कुठेतरी भर दुपारी. या गाड्यांचा तापमानाचा काटाही भरवशाचा नाही. पाणी ऐंशी अंशांवर असो की शंभरावर, ड्रायव्हर घाबरू नये म्हणून काटा मधोमध ठेवलेला असतो. तो हलतो तेव्हा हेड वाकलेलं असतं. हेड एकदा, फार तर दोनदा फेसिंग करून सपाट करता येतं, त्यानंतर त्यात घासायला काही उरत नाही. म्हणजे कूलिंगचे काही हजार वाचवणारा माणूस इंजिनच्या कामाचे दीड-दोन लाख स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जाणाऱ्या गावात मोठी गाडी घेतली की पहिला खर्च कूलिंगवर. म्युझिक सिस्टिम नंतर.

एअर सस्पेन्शनचं दुखणं याच जातीचं. मर्सिडीज एस-क्लासमध्ये स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, चालू केली की दोन मिनिटांत उठते आणि मालक म्हणतो, चालतंय की. पण पिशवीतून गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर दर वेळी जास्त वेळ चालतो. तो एवढ्या कामासाठी केलेलाच नसतो. शेवटी जळतो. मग पिशवीचं एक बिल आणि कॉम्प्रेसरचं दुसरं. साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहण्याची परीक्षा फुकट आहे. ती पहिल्याच आठवड्यात करावी. काही जण वैतागून हवा काढून साध्या स्प्रिंगा बसवतात. स्वस्त पडतं हे खरं, पण एस-क्लासमधून खड्डा जाणवायला लागल्यावर एस-क्लास कशासाठी ठेवायची, हे मला कळलेलं नाही.

कुठली दुरुस्ती लगेच करायची आणि कुठली सोडून द्यायची, हे कळणं म्हणजेच बजेट. डॅशबोर्डवरची प्लास्टिकची चीर, मागच्या काचेचा न चालणारा पडदा, सीटच्या मसाजचं बंद पडलेलं बटण यांना हात लावू नये. थंडीच्या देशासाठी दिलेला सीटचा हीटर बंद असेल तर सोलापुरात तो दुरुस्त करणाऱ्याची तपासणी करावी, गाडीची नको. उलट पाणी, ऑइल, ब्रेक, टायर आणि पुढच्या सस्पेन्शनचे आर्म यांत उधारी चालत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर बदलायचं नाही’ असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बीएमडब्ल्यू, ऑडी यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ते बदला म्हणते. कोणाचं ऐकायचं? ज्याला वॉरंटी संपल्यावर आपल्या गिअरबॉक्सशी देणंघेणं नाही त्याचं, की ज्याने तो बनवला त्याचं?

टायरचंही असंच. नक्षी शिल्लक असते म्हणून लोक खूश असतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. कव्हराखाली उभ्या गाडीचा टायर नक्षीने नवा आणि रबराने म्हातारा असतो आणि आपल्या उन्हात डांबरावर एकशे वीसच्या वेगात तो फाटतो.

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते पेट्रोलला. ते निदान हिशेबाने घाबरावं. पेट्रोल १०५ रुपये धरलं आणि मोठ्या गाडीने लिटरला आठचं अ‍ॅव्हरेज दिलं तर किलोमीटरला तेरा रुपये. छोट्या गाडीने वीसचं दिलं तर सव्वापाच. वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला फरक पडतो तो चाळीस हजारांच्या आत. पंचवीस हजार किलोमीटर फिरणाऱ्याला दोन लाखांच्या घरात. म्हणजे रोज बार्शीला ये-जा करणाऱ्याने या भानगडीत पडू नये आणि रविवारी तुळजापूरला जाऊन येणाऱ्याने पेट्रोलची फार चिंता करू नये. त्याची चिंता वेगळी असायला हवी. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते, त्यातही बॅटरी पहिली.

कागदांचा खर्च ठरलेला असतो, म्हणून निदान तो आधी मांडता येतो. १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला ७,८९७ रुपये, त्यावर जीएसटी. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, पुढे दर पाच वर्षांनी. २०२२ पासून त्याची फी ५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा आणि २०१९च्या आधीच्या गाडीला नव्या सुरक्षित नंबर प्लेटा. यात एक मोठा सापळा आहे तो पूर्ण विम्याचा. विमा कंपनी गाडीची किंमत धरते समजा चार लाख. दुरुस्तीचा खर्च त्याच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. नव्या मालाने पुढचा एक झेनॉन दिवा, बंपर, दोन रेडिएटर आणि बॉनेट बदलायचं म्हटलं तर तीन लाख कुठे गेले कळत नाही. बाजार समितीच्या गेटसमोर रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोने नाक चेपलं, एवढ्यावर चांगली धडधाकट गाडी कागदोपत्री मरते. म्हणून अनुभवी मालक जुना दिवा, जुना बंपर कुर्ल्यातून आधीच आणून माळ्यावर टाकतो.

कुर्ला म्हणजे सीएसटी रोड. वालचंदांच्या कारखान्यातून जिथे डॉज बाहेर पडत होत्या त्याच उपनगरात आज कापलेल्या बीएमडब्ल्यूंचे दरवाजे भिंतीला टेकून उभे असतात. दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट ही याच धंद्याची दुसरी दोन गावं. नवा माल हवा तर पुण्याची नाना पेठ. तातडीचं असलं तर पोरगा सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडतो, दुपारी माल घेतो आणि संध्याकाळच्या हुतात्माने परततो. नाहीतर खासगी ट्रॅव्हल्सच्या पोटात खोकं टाकून पहाटे सोलापुरात उतरवून घ्यायचं. माल मागवताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. १७ अक्षरांचा चेसिस नंबर द्यावा लागतो, कारण एकाच मॉडेलला एकाच वर्षी दोन वेगळे ब्रेक बसवलेले असतात. आणि मर्सिडीजच्या तारेचं चिन्ह असलेल्या खोक्यात जो आर्म असतो, तोच तो बनवणाऱ्या लेमफर्डरच्या स्वतःच्या खोक्यात बऱ्याच कमी पैशांत मिळतो. बॉश, साक्स, माले, हेला या नावांचंही तेच. ‘कंपनी माल’ आणि ‘डुप्लिकेट’ यांच्या मध्ये ही तिसरी पायरी आहे, आणि बेताच्या पैशांत गाडी चालवणारा तिच्यावरच उभा असतो.

लेथची विद्या जिथे थांबते तिथून लॅपटॉपची सुरू होते. साधारण २००० नंतरच्या गाडीत एक कॉम्प्युटर नसतो, पंधरा-वीस असतात आणि ते एकमेकांशी बोलतात. २००२ ते २००६ मधल्या ई-क्लासचा ब्रेक बघा. पायाचा दाब थेट चाकाला न जाता विजेच्या पंपाला जातो आणि ब्रेक किती वेळा दाबला हे तो पंप मोजत असतो. ठरलेला आकडा झाला की धोक्याची पाटी येते आणि पंप बदला म्हणते. कंपनीनेच पुढे ही पद्धत सोडून दिली. नव्या बीएमडब्ल्यूत बॅटरी बदलली तरी गाडीला तसं कळवावं लागतं. पार्क चौपाटीच्या गर्दीत रिमोट हरवला तर दुसऱ्या गाडीचा रिमोट त्या गाडीला चालत नाही. हजार-दीड हजारांत मिळणारा स्कॅनर डॅशबोर्डखालच्या खाचेत लावून मोबाइलवर कोड वाचता येतो, आणि प्रत्येक मालकाकडे तो असावाच. पण कोड वाचणं म्हणजे दोष सापडणं नव्हे. कोड ऑक्सिजन सेन्सरचा येतो, तरुण पोरगा सेन्सर बदलतो, आठ दिवसांनी तोच कोड पुन्हा. दोष असतो हवेच्या पाइपाला पडलेल्या भोकाचा. जुना मेस्त्री कानाने ती शीळ ऐकतो आणि नवा पोरगा आकडे वाचतो. ज्या गॅरेजमध्ये हे दोघे बाप-लेक किंवा काका-पुतणे आहेत तिथे गाडी लावावी.

आता इथेनॉल. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचं साहित्य त्यासाठी तयार केलेलं आहे. त्याआधीच्या गाडीच्या रबरी नळ्या, सील, पंपाचे भाग यांचा तसा विचार कोणी केलेला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत त्याचा त्रास जास्त. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत आपला नंबर वरचा. इथला ऊस, इथली मळी, इथलं इथेनॉल आणि तेच इथल्या ई २२० ची नळी फुगवतं. शेतकऱ्याच्या घरची मर्सिडीज असेल तर तक्रार करायची कोणाकडे? उपाय फार अवघड नाही. इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात, फिल्टर लवकर बदलावा आणि टाकी भरून गाडी चार महिने उभी करू नये. पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी गॅरेज गाठावं.

‘मग घेऊ कुठली?’ हा प्रश्न शेवटी येतोच. माझं मत ज्यांना आवडत नाही ते बहुतेक जर्मन गाडीचे मालक आहेत. मोठं, आरामशीर आणि शांत एवढंच हवं असेल तर २.४ लिटरची होंडा अकॉर्ड किंवा टोयोटा कॅमरी. बॅज साधा, पण इंजिनला चेन, हवेच्या पिशव्या नाहीत आणि कुठलाही जाणता मेस्त्री हात लावतो. सुपर्ब घ्यायची तर २.० डिझेल घ्यावी, तिच्या सहा गिअरच्या बॉक्सचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. १.८ पेट्रोलच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचला आपल्या टिळक चौकातली सरकत सरकत जाणारी गर्दी सोसत नाही. २००७ ते २०११ मधली डिझेल बीएमडब्ल्यू घेण्याआधी थंड इंजिन चालू करून मागच्या बाजूने खरखर येते का ते ऐकावं. त्या इंजिनची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, आणि ती बदलायची म्हणजे अर्धी गाडी खाली. निघून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या, म्हणजे शेवर्लेच्या, फोर्डच्या, मित्सुबिशीच्या, स्वस्त असतात. एंडेव्हर आणि पजेरो आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी एवढ्या वापरल्या की त्यांचा माल अजून फिरतोय. ज्या गाडीचा गावात दुसरा नमुना नाही ती मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी सोडावी.

पहिल्या वर्षासाठी खरेदीच्या निम्मी रक्कम बाजूला ठेवावी, हा माझा ठोकताळा. पाच लाखांची गाडी घ्यायची तर खिशात साडेसात हवेत. पाचच असतील तर सव्वातीनची गाडी बघावी. कर्ज काढून जुनी मोठी गाडी घेणाऱ्याला मी एरवी काही सांगत नाही, कारण तो ऐकत नाही. लग्नसराईत भाड्याने देऊन खर्च काढू म्हणणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि वरातीत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. त्यात नवरदेवाचे मित्र सनरूफमधून बाहेर येऊन नाचतात. त्या छताच्या काचेचं बिल कोणत्याही एका मोसमाच्या भाड्याहून जास्त असतं.

खर्च वाटून घेण्याची एक पद्धत जाणत्या मालकांनी काढली आहे. एकाच मॉडेलचे दोघे-तिघे एकत्र येतात आणि अपघातात गेलेली तशीच चौथी गाडी वर्गणीने घेतात. तिचं इंजिन एकाला, गिअरबॉक्स दुसऱ्याला, दिवे, दरवाजे, काचा, कॉम्प्युटर आणि सीटा कोणाच्या तरी शेतातल्या पत्र्याच्या खोलीत. वर्ष-दीड वर्षात तिने आपली किंमत फेडलेली असते. उरलेला सांगाडा किलोवर जातो. तो देण्याआधी गाडीची नोंदणी आरटीओत रद्द करून घ्यायची आणि चेसिस नंबरचा तुकडा कापून तिथे जमा करायचा. नाहीतर तोच नंबर पाच वर्षांनी कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीवर निघतो आणि पोलीस पहिल्या मालकाच्या दारात येतात.